वर्क परमिटची मुदतवाढ आधी की पीआरचा अर्ज आधी? कॅनडात असलेल्या मुलांविषयी बडोद्यातील मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर अशा भागांतल्या मराठी घरांमधून कॅनडात शिकायला गेलेली मुले आता नोकरीला लागली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांच्या बोलण्यात ‘पीआर’, म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी किंवा कायम वास्तव्य, हा शब्द वरचेवर येऊ लागला आहे. ‘फाइल टाकली आहे, आता काळजी नाही,’ असे वाक्य ऐकू आले की प्रथम एवढेच विचारावेसे वाटते, की परमिट कोणत्या तारखेला संपते आहे? पुढील उत्तरे क्वेबेक सोडून कॅनडाच्या अन्य प्रांतांत वर्क परमिटवर काम करणाऱ्या आणि एक्सप्रेस एंट्री या गुणांवर आधारलेल्या निवडपद्धतीतून कायम वास्तव्य मिळवू पाहणाऱ्यांसाठी आहेत. क्वेबेकची निवडपद्धती स्वतंत्र असल्यामुळे ती येथे घेतलेली नाही.

पीआरचा अर्ज केला की वर्क परमिटची मुदत आपोआप वाढते का?

वाढत नाही. कायम वास्तव्याचा अर्ज आणि तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना ही इमिग्रेशन खात्याच्या दृष्टीने दोन वेगळी प्रकरणे आहेत आणि एकाच्या प्रतीक्षेत असल्याने दुसऱ्याची मुदत एका दिवसानेही पुढे जात नाही. त्यातही आपल्याकडे ‘फाइल टाकली’ या एकाच शब्दप्रयोगात तीन निरनिराळ्या पायऱ्या कोंबल्या जातात, आणि निम्मा गोंधळ तेथेच होतो. एक्सप्रेस एंट्रीच्या संकेतस्थळावर प्रोफाइल भरणे ही पहिली पायरी. तो अर्ज नव्हे, ती केवळ रांगेत नाव लावल्याची नोंद आहे आणि ती बारा महिने टिकते. गुणांनुसार फेरीत नाव निघाले की अर्ज करण्याचे आमंत्रण येते, ही दुसरी पायरी. आमंत्रण आल्यापासून ६० दिवसांच्या आत शुल्क आणि कागदपत्रांसह भरलेला अर्ज ही तिसरी. आपला मुलगा यांपैकी नेमक्या कोणत्या पायरीवर आहे हे विचारल्याशिवाय परमिटविषयी कोणताही सल्ला देता येत नाही, कारण परमिटच्या दृष्टीने पहिल्या दोन पायऱ्यांना काहीच किंमत नाही.

परमिट वाढवून मागितले तर ‘हा तात्पुरता राहणार की कायमचा?’ असा संशय घेऊन खाते अर्ज फेटाळील, अशी भीतीही काही जण बोलून दाखवतात. कॅनडाच्या कायद्यात दुहेरी हेतू मान्य केलेला आहे. कायम राहण्याची इच्छा असणे हे तात्पुरता परवाना नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, मात्र परवानगी न मिळाल्यास मुदतीअखेर देश सोडण्याची तयारी असायला हवी.

मुदतवाढीचा अर्ज नेमका केव्हा करावा?

मुदत संपण्यापूर्वी किमान ३० दिवस अर्ज करावा, असे खात्याचे सांगणे आहे. कायद्याने शेवटच्या दिवशी केलेला अर्जही चालतो, परंतु शेवटच्या दिवशी शुल्क भरताना कार्ड अडकले किंवा एखादा दस्तऐवज अपलोड झाला नाही तर दाद मागायला जागा उरत नाही. परमिट एका ठरावीक कंपनीशी बांधलेले असेल, तर कंपनीकडून येणाऱ्या कागदांनाच काही महिने लागू शकतात. म्हणून अशा व्यक्तीने मुदत संपण्याच्या सहा महिने आधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाशी बोलायला सुरुवात करावी, असे आमचे मत आहे.

येथे पासपोर्टचा मुद्दा येतो आणि तो हमखास विसरला जातो. वर्क परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिले जात नाही. ज्याच्या पासपोर्टचे आठच महिने उरले आहेत त्याने तीन वर्षांचे परमिट मागितले, तरी हाती आठ महिन्यांचेच पडते. भारतीय पासपोर्टचे नूतनीकरण मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून करता येते, त्यामुळे आधी पासपोर्ट आणि नंतर परमिट हा क्रम उलटू देऊ नये.

मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना परमिट संपले, तर काम थांबवावे लागते का?

मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोहोचलेला असेल आणि व्यक्ती कॅनडातच असेल, तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर राहता येते आणि कामही करता येते. या स्थितीला ‘मेंटेन्ड स्टेटस’ म्हणतात. पूर्वी तिला ‘इम्प्लाइड स्टेटस’ म्हणत, आणि जुन्या मंडळींच्या तोंडी अजून तोच शब्द आहे.

‘जुन्याच अटींवर’ हे शब्द नीट वाचावेत. परमिट खुले, म्हणजे एका कंपनीशी न बांधलेले, असेल तर नोकरी बदलता येते. परमिट एका कंपनीचे असेल तर त्याच कंपनीत, त्याच पदावर काम करावे लागते, आणि नवी कंपनी गाठायची असेल तर त्यासाठी निराळी परवानगी लागते. या काळात कॅनडाबाहेर पाऊल ठेवले, तर परत आल्यावर निर्णय येईपर्यंत काम करता येत नाही. अर्ज नाकारला गेला तर नकाराच्या दिवसापासूनच काम थांबवावे लागते. ‘महिनाअखेरपर्यंत करतो’ असे म्हणून केलेले काम विनापरवाना ठरते आणि तो डाग पुढे पीआरच्या अर्जातही दिसतो.

आणखी एक सूक्ष्म बाब अशी, की मूळ परमिट संपल्यानंतर, म्हणजे केवळ मेंटेन्ड स्टेटसच्या आधारावर असताना, एखाद्याने दुसरा अर्ज केला आणि पहिला अर्ज नाकारला गेला, तर दुसरा अर्ज त्याला तारू शकत नाही, कारण पहिल्या अर्जाबरोबरच त्याचा कायदेशीर वास्तव्याचा दर्जाही (स्टेटस) संपलेला असतो. कसा तरी अपुरा अर्ज टाकून वेळ काढायचा आणि मागाहून खरा अर्ज करायचा, ही युक्ती म्हणूनच अंगाशी येते.

शिक्षणानंतर मिळालेले पीजीडब्ल्यूपी वाढवून मिळते का?

नाही. पदविका किंवा पदवीनंतर मिळणारे हे खुले परमिट (पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट) आयुष्यात एकदाच मिळते. त्याला अपवाद एकच, की अभ्यासक्रमानुसार जितकी मुदत मिळायला हवी होती तितकी केवळ पासपोर्ट लवकर संपत असल्यामुळे मिळाली नसेल, तर नव्या पासपोर्टवर उरलेली मुदत मागता येते.

‘मागे सर्वांनाच दीड वर्ष वाढवून दिले होते, तसे पुन्हा देतील,’ हा आशावाद अजून ऐकू येतो. कोविडनंतरच्या काळात सरकारने विशेष धोरण म्हणून अशी मुदत दिली होती हे खरे आहे, परंतु २०२३ च्या अखेरीस संपणाऱ्या परमिटांनंतर ती सवलत पुढे नेली गेली नाही. त्या आशेवर कोणी नियोजन करू नये. ज्याचे पीजीडब्ल्यूपी संपत आले आहे त्याच्यापुढे मोजकेच रस्ते असतात: पीआरचा अर्ज दाखल करून ब्रिजिंग परमिट घेणे, कंपनीच्या आधाराने बंदिस्त, म्हणजे त्याच कंपनीशी बांधलेले, परमिट घेणे, प्रांताचे नामांकन मिळवणे, पात्र असल्यास जोडीदाराच्या परमिटच्या आधारे खुले परमिट मागणे, किंवा काम थांबवून परतणे.

ब्रिजिंग ओपन वर्क परमिट म्हणजे काय आणि ते केव्हा मागता येते?

नावाप्रमाणे हा पूल आहे. जुने परमिट एका काठावर, पीआर दुसऱ्या काठावर, आणि मधले महिने ओलांडण्यासाठी हे खुले परमिट. ते मागताना अर्जदार कॅनडात असावा लागतो. त्याच्याकडे चालू वर्क परमिट किंवा मेंटेन्ड स्टेटस असावे लागते, किंवा निदान दर्जा परत मिळवण्याची पात्रता असावी लागते. आणि पीआरचा पूर्ण अर्ज दाखल होऊन त्याची पोच हाती असावी लागते. केवळ प्रोफाइल असून किंवा आमंत्रण येऊन भागत नाही. शुल्क वर्क परमिटचे १५५ आणि खुल्या परमिटचे १०० असे मिळून २५५ कॅनेडियन डॉलर होते.

पुलाचा पाया पीआरच्या अर्जात असतो. तो अर्ज अपूर्ण म्हणून परत आला, तर त्यावर उभे केलेले ब्रिजिंगही कोसळते. परमिट संपायला चार दिवस उरले म्हणून घाईघाईने, अर्धे कागद ‘नंतर देऊ’ म्हणत पीआरचा अर्ज भरणाऱ्यांची गत अशी होते, की त्यांचे आमंत्रणही वाया जाते आणि परमिटही.

तारखांचा हिशेब कसा मांडावा?

शेवटाकडून सुरुवातीकडे मांडावा. एक कल्पित उदाहरण घेऊ. बडोद्याची एक मुलगी. सयाजीराव विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी, त्यानंतर कॅनडात दोन वर्षांची पदविका, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तीन वर्षांचे पीजीडब्ल्यूपी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत. कौशल्याच्या वर्गात बसणारी नोकरी तिला १ डिसेंबर २०२४ रोजी लागली. कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लाससाठी, म्हणजे सीईसीसाठी, गेल्या तीन वर्षांत एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव लागतो. तो आठवड्याला ३० तासांच्या हिशेबाने १,५६० तास असा मोजतात आणि आठवड्यात ३० तासांहून अधिक केलेले काम जमेस धरले जात नाही. शिकत असताना केलेले अर्धवेळ काम त्यात येत नाही, आणि स्वतःचा व्यवसायही येत नाही. त्यामुळे ती ३० नोव्हेंबर २०२५ रोजी पात्र होते.

आता शेवटाकडून पाहू. परमिट ३० सप्टेंबर २०२७ ला संपते. त्यापूर्वी पीआरचा अर्ज दाखल होऊन, पोच मिळून, ब्रिजिंगचा अर्ज जायला हवा; ऑगस्टअखेर ही सुरक्षित सीमा धरू. अर्जासाठी ६० दिवस मिळतात म्हणून आमंत्रण जुलैच्या सुरुवातीपर्यंत यायला हवे. म्हणजे डिसेंबर २०२५ ते जुलै २०२७ असे सुमारे १९ महिने तिच्या हाती आहेत, असे वाटते.

वाटते, असे म्हणण्याचे कारण तिचा पासपोर्ट. तो १५ मार्च २०२७ ला संपत असेल, तर तिच्या परमिटवर मुळातच १५ मार्च २०२७ ही तारीख छापलेली असेल आणि तीन वर्षांपैकी साडेसहा महिने कागदावर आलेलेच नसतील. ते मिळवण्यासाठी पासपोर्ट आधी नवा करून, १५ मार्चपूर्वी मुदतवाढ मागायला हवी. तिने आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा जानेवारी २०२५ मध्ये दिली असेल, तर दोन वर्षांनी, म्हणजे जानेवारी २०२७ मध्ये, तो निकाल कालबाह्य होतो. आणि निकाल प्रोफाइल भरताना तसेच पीआरचा अर्ज दाखल करताना, दोन्ही वेळी जिवंत असावा लागतो. भारतीय पदवीचे मूल्यांकन पाच वर्षे चालते, ती चिंता कमी. वैद्यकीय तपासणी बारा महिने चालते. २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीच्या अर्जदारांनी ती अर्जासोबतच जोडायची असल्यामुळे, ती आमंत्रण आल्यावर लगेच करावी, वर्षभर आधी करून ठेवू नये.

अशा पाच-सहा तारखा एका कागदावर लिहून तो कागद घरी फ्रिजवर लावावा. परमिटची एकच तारीख लक्षात ठेवणारा माणूस बहुधा दुसऱ्याच एखाद्या तारखेला ठेचकाळतो.

आमंत्रण येईलच असे धरून चालावे का?

चालू नये. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी एका फेरीत ७५ गुणांपर्यंत खाली उतरून २७,३३२ जणांना आमंत्रणे देण्यात आली होती. त्याच वर्षी सप्टेंबरच्या मध्यानंतर सीईसीच्या उमेदवारांसाठी फेऱ्याच थांबल्या आणि थेट ६ जुलै २०२२ रोजी पुन्हा सुरू झाल्या. त्या दहा महिन्यांत ज्यांची परमिटे संपली, त्यांच्या पात्रतेत कोणताही दोष नव्हता. २०२३ पासून आरोग्यसेवा, फ्रेंच भाषा, कुशल कारागिरी अशा गटांसाठी स्वतंत्र फेऱ्याही होऊ लागल्या, आणि २०२५ मध्ये सीईसीच्या फेऱ्यांचा शेवटचा गुणांक ५०० च्या वरच राहिला. म्हणून आमंत्रण आले नाही तर काय, याचा दुसरा रस्ता परमिट संपण्याच्या निदान सहा महिने आधी ठरलेला असावा.

गुण वाढावेत म्हणून आणखी एक वर्ष थांबणे शहाणपणाचे ठरते का?

वयावर आणि परमिटवर अवलंबून आहे. अविवाहित अर्जदाराला २९ व्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण मिळतात. तिसाव्या वर्षी ते १०५ होतात आणि त्यानंतर चाळिशीपर्यंत दर वर्षी पाच-सहा गुण गळत जातात. कॅनडातील अनुभवाचे गुण पहिल्या वर्षाला ४०, दोन वर्षांना ५३ आणि तीन वर्षांना ६४ असे आहेत. पहिल्यावरून दुसऱ्या वर्षात जाताना १३ गुणांची थेट भर पडते, शिवाय पदवी आणि कॅनडातील अनुभव यांच्या एकत्रित गुणांतही वाढ होते. वयाचे पाच गुण गेले तरी तो व्यवहार फायद्याचा राहतो. दुसऱ्यावरून तिसऱ्या वर्षात मात्र एकत्रित गुण वाढत नाहीत आणि थेट लाभ अकरावर येतो, त्यातून वयाचे गुण वजा होतात, आणि तोवर परमिटही अखेरीस आलेले असते. दुसरे वर्ष पूर्ण झाल्यावर नुसते थांबण्यापेक्षा भाषेची परीक्षा पुन्हा देणे किंवा फ्रेंच शिकणे अधिक उपयोगी ठरते.

प्रोफाइल मात्र पात्र होताच भरावे. ‘गुण वाढले की भरू’ यात काहीच साधत नाही, कारण भरलेल्या प्रोफाइलमध्ये गुण नंतरही अद्ययावत करता येतात.

कंपनीने एलएमआयए काढून दिले तर दोन्ही प्रश्न सुटतात का?

एक सुटतो. कंपनीला त्या पदासाठी स्थानिक माणूस मिळाला नाही, असे सरकारी मूल्यांकन, म्हणजेच एलएमआयए, झाल्यावर त्याच्या आधारे बंदिस्त वर्क परमिट मिळू शकते आणि कॅनडातील काळ वाढतो. परंतु नोकरीच्या प्रस्तावासाठी पूर्वी मिळणारे ५० किंवा २०० जादा गुण २५ मार्च २०२५ पासून रद्द झाले आहेत. म्हणजे एलएमआयएमुळे आता परमिट मिळते, पीआरचे गुण मिळत नाहीत. या मूल्यांकनाचे १,००० डॉलर कंपनीने स्वतः भरायचे असतात आणि ते कर्मचाऱ्याकडून वसूल करणे बेकायदेशीर आहे. बडोद्यात किंवा कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये कोणी ‘एलएमआयए विकत मिळेल, इतके लाख द्या’ असे म्हणत असेल, तर तेथून सरळ उठून यावे.

प्रांताच्या नामांकनाची गोष्ट निराळी. एक्सप्रेस एंट्रीशी जोडलेल्या नामांकनाने ६०० गुण मिळतात, म्हणजे आमंत्रण जवळजवळ निश्चित होते; शिवाय पात्र व्यक्तीला प्रांताकडून वर्क परमिटसाठी पाठिंब्याचे पत्रही मिळू शकते. प्रत्येक प्रांताच्या अटी वेगळ्या असल्यामुळे ही चौकशी परमिटला वर्ष उरले असतानाच करावी.

मुदत संपून गेली आणि अर्ज राहूनच गेला, तर?

दर्जा गेल्याच्या दिवसापासून ९० दिवसांच्या आत तो परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. या ९० दिवसांत आणि निर्णय येईपर्यंत काम करता येत नाही. अमेरिकेच्या सीमेवर जाऊन त्याच दिवशी नवे परमिट घेऊन येण्याची जी जुनी पळवाट होती, ती २३ डिसेंबर २०२४ पासून बंद झाली आहे.

मुदतवाढ प्रलंबित असताना मुलाला लग्नकार्यासाठी बडोद्याला बोलवावे का?

शक्य असेल तर बोलावू नये, आणि हे सांगताना आईवडिलांचे मन दुखावते याची जाणीव आहे. वर सांगितल्याप्रमाणे, देश सोडल्यावर मेंटेन्ड स्टेटसवरचा कामाचा हक्क जातो. त्याहून अधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वर्क परमिट हा प्रवेशाचा व्हिसा नाही. भारतीय नागरिकाला विमानाने परत जाण्यासाठी पासपोर्टवर चालू व्हिसा लागतो आणि परमिट वाढले म्हणून तो व्हिसा वाढत नाही. त्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो. गणपतीला आठ दिवसांसाठी आलेला मुलगा व्हिसासाठी पासपोर्ट अहमदाबादच्या केंद्रात देऊन दोन महिने घरी बसून राहतो आणि तिकडे नोकरी धोक्यात येते, हे टाळण्याजोगे आहे. नवे परमिट हाती आल्यावर, व्हिसा तपासून, मग यावे.

आम्ही त्याचे लग्न ठरवतो आहोत. ते पीआरआधी करावे की नंतर?

विवाहाचा निर्णय घराने घ्यायचा; कागदांवर होणारे परिणाम तेवढे येथे सांगतो. आमंत्रणापूर्वी लग्न झाले तर गुणांचे गणित बदलते, कारण जोडीदाराचे शिक्षण, भाषा आणि कॅनडातील अनुभव हिशेबात येतात आणि अर्जदाराचे स्वतःचे काही गुण कमी होतात. अर्ज दाखल झाल्यानंतर आणि पीआर मिळण्यापूर्वी लग्न झाले, तर ते खात्याला कळवून पत्नीला अर्जात समाविष्ट करणे अनिवार्य आहे. ‘आधी पीआर होऊ दे, मग सांगू’ म्हणून लग्न लपवले, तर पुढे तिला प्रायोजित करण्याचा मार्गच बंद होऊ शकतो. साखरपुडा झाला आहे, लग्न झालेले नाही, ही स्थिती वेगळी. तेथे कळवण्यासारखे काही नाही, पण मंदिरात विधी उरकून ‘नोंदणी नंतर करू’ म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

नव्या सुनेला लगेच खुले परमिट मिळेल असेही गृहीत धरू नये. २१ जानेवारी २०२५ पासून, परदेशी कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला परमिट मागताना त्या कर्मचाऱ्याच्या परमिटवर किमान १६ महिने शिल्लक असावे लागतात आणि त्याचे काम वरच्या कौशल्यवर्गातले किंवा ठरावीक निवडक व्यवसायांतले असावे लागते. म्हणून ज्याच्या परमिटवर दहाच महिने उरले आहेत त्याने, शक्य असल्यास, आधी स्वतःची मुदत वाढवून घ्यावी आणि मग पत्नीचा अर्ज करावा.

पती-पत्नी दोघेही कॅनडात काम करत असतील, तर मुख्य अर्जदार कोणी व्हावे?

गुण ज्याचे अधिक, त्याने. हे नेहमीचे उत्तर आहे. परंतु ब्रिजिंग परमिट केवळ मुख्य अर्जदाराला मिळते, त्यामुळे दोघांच्या गुणांत फारसे अंतर नसेल, तर ज्याचे परमिट आधी संपते त्याच्या नावाने अर्ज करण्याचा विचार व्हावा. दोघांनीही पात्र असल्यास स्वतंत्र प्रोफाइल ठेवण्यास हरकत नाही.

बडोद्यातून कोणती कागदपत्रे, आणि किती आधी जमवावीत?

येथे आईवडिलांचा खरा हातभार लागतो, आणि वेळही येथेच सर्वाधिक जातो.

पदवीच्या मूल्यांकनासाठी विद्यापीठाकडून थेट पाठवलेले गुणपत्रकांचे ट्रान्सक्रिप्ट लागते. हे काम मुलाने तिथून फोनवर करण्यापेक्षा घरातील कोणी अधिकारपत्र घेऊन विद्यापीठात जाऊन केलेले बरे, आणि ते अनुभवाचे वर्ष पूर्ण होण्याच्या आधीच उरकावे.

जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाहनोंदणीचा दाखला गुजरातीत असेल, तर भाषांतर लागते. ते घरच्या माणसाने केलेले चालत नाही, मग मावशी गुजराती शाळेत मुख्याध्यापिका का असेना. प्रमाणित भाषांतरकार नसेल तर भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्रही जोडावे लागते.

नावांचा प्रश्न आपल्या समाजात विशेष बिकट आहे. पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे आडनाव, आणि लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहिलेले तिसरेच नाव विवाहाच्या दाखल्यावर, असे एकाच बाईचे तीन अवतार कागदोपत्री सापडतात. त्यातच शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. एका कागदावर जन्मस्थान बडोदा, दुसऱ्यावर वडोदरा. या विसंगतींना जोडणारे प्रतिज्ञापत्र, आणि नाव खरोखर बदलले असेल तर राजपत्रातील नोंद, आधीच तयार ठेवावी. आमंत्रणानंतरच्या ६० दिवसांत राजपत्राचे काम धरू नये.

पोलिसांच्या चारित्र्यदाखल्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. जाण्यापूर्वी बडोद्यात काढून ठेवलेला दाखला पीआरसाठी उपयोगी पडत नाही, कारण त्या देशात शेवटचे सहा महिने किंवा अधिक राहिल्यानंतरच्या तारखेचा दाखला लागतो. कॅनडात असलेल्याने तो तेथील भारतीय दूतावासाच्या व्यवस्थेतूनच मागवावा. जुन्या पत्त्यावर चौकशी होऊ शकते, म्हणून घर बदललेले असल्यास शेजाऱ्यांना कल्पना देऊन ठेवावी.

येथील जुन्या नोकरीच्या अनुभवाचे गुण हवे असतील, तर पद, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, पगार आणि तारखा लिहिलेले पत्र कंपनीच्या लेटरहेडवर लागते. मकरपुरा जीआयडीसीतले छोटे कारखाने ‘अमुक यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढ्या दोन ओळी देतात. त्याने भागत नाही. कारखाना बंद पडला असेल, तर पगारपत्रके, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा आणि फॉर्म १६ यांवरून अनुभव सिद्ध करावा लागतो.

बँकेत पैसे दाखवावे लागतात का?

सीईसीतून अर्ज असेल तर लागत नाहीत. फेडरल स्किल्ड वर्कर या वर्गातून आमंत्रण आले, तर कॅनडात अधिकृतपणे काम करत असून वैध नोकरीचा प्रस्तावही असल्याशिवाय ते दाखवावे लागतात. तेव्हा आधी आमंत्रण कोणत्या वर्गातले आहे हे पाहावे आणि मगच मुदतठेव मोडावी.

सल्लागाराकडे जाणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, सरळ प्रकरणात मुलगा स्वतः अर्ज भरू शकतो. पूर्वी नकार आला असेल, दर्जात खंड पडला असेल किंवा विनापरवाना काम झाले असेल, तर मात्र जाणकाराकडे जावे. पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार कॅनडातील वकील, तेथील विधिज्ञ संस्थेचे परवानाधारक पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी आणि तेथील कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचे परवानाधारक सदस्य यांनाच आहे. अलकापुरीत किंवा फत्तेगंजात कार्यालय कितीही चकचकीत असले, तरी परवाना क्रमांक मागून त्या संस्थेच्या सार्वजनिक यादीत पडताळून पाहावा. अर्जात खोटी माहिती आढळली, तर पाच वर्षांची बंदी अर्जदारावर येते, आणि ‘एजंटने भरले होते’ हे उत्तर तेथे चालत नाही.

पीआर मिळाल्यावर उरलेल्या परमिटचे काय करायचे?

काही नाही, त्याची गरज संपते आणि कोणत्याही कंपनीत काम करता येते. तात्पुरत्या रहिवाशांचा सोशल इन्शुरन्स नंबर ९ या आकड्याने सुरू होतो, तो तेवढा बदलून घ्यावा आणि नवा क्रमांक कंपनीला व बँकेला कळवावा.